आरोग्य पाठ : घसा दुखतो तेव्हा हृदय सांभाळा



दिवाळी झाली की भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर आपापल्या पाड्यांवर परततात. गेल्या मोसमात एका भट्टीवर दहा वर्षांची मुलगी झोपडीत पडून होती. "ताई, काल गुडघा सुजला होता, आज मनगट धरलंय," आई म्हणाली. तीन आठवड्यांपूर्वी तिचा घसा दुखून ताप आला होता. तो आपोआप उतरला, म्हणून दवाखाना राहून गेला. तपासणीत निघाला संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फिव्हर. हृदयाच्या झडपेलाही सूज होती.

घशाचा आणि हृदयाचा संबंध काय? स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात शिरला की शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढते. या जंतूच्या आवरणातील काही प्रथिने आपल्या हृदयातील प्रथिनांसारखी दिसतात. काही मुलांच्या शरीरात त्यामुळे चूक होते. जंतूविरुद्ध उभे राहिलेले सैन्य स्वतःच्याच सांध्यांवर व हृदयावर तुटून पडते. यालाच ऑटोइम्यून आजार म्हणतात. सांधे बरे होतात, पण झडपेची इजा मागे राहू शकते. पुढे बाळंतपणात किंवा कष्टाच्या वयात धाप लागते, तेव्हा ती उघड होते.

प्रत्येक घसादुखी अशी नसते. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो. पण ५ ते १५ वर्षांच्या मुलांबाबत पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. औषध दिले तर ते सांगितलेले सर्व दिवस घ्या.

२. सांधे एकामागून एक सुजणे, धाप लागणे, हातपाय आपोआप हलणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालयात न्या.

३. आजार ठरला की बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन साधारणपणे दर २१ दिवसांनी घ्यावे लागते. हृदय सुरक्षित असले तरी किमान ५ वर्षे, झडपेला इजा असल्यास १० वर्षे किंवा त्याहून अधिक. झालेली इजा त्याने भरून निघत नाही, पण पुढची टळते.

अडचण इथेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहूनच सुरू झाला. त्यात अंगणवाडी व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी होते आणि हा हृदयविकारही त्या यादीत आहे. पण भट्टीवरचे मूल ना अंगणवाडीत असते, ना शाळेत. कुटुंब हलले की इंजेक्शनची तारीखही चुकते. म्हणून आम्ही त्या मुलीच्या आईकडे तारखांचे कार्ड दिले आहे. त्याची एक प्रत पाड्यावरच्या आशाताईंकडे आहे.

हा आजार करणी नाही, आईबापांच्या पापाची शिक्षाही नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असेच विचारले, तेव्हा प्रभूने तो समज नाकारला. पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली. शरीर आपल्याच अवयवाला ओळखेनासे झाले की काय होते, ते या आजारात दिसते. भट्टीवरचे लेकरू आपलाच अवयव आहे, हे मंडळीने ओळखावे.

प्रार्थनेत या मुलांची आठवण ठेवा. आणि तुमच्या गावाजवळ भट्टी असेल, तर या मोसमात एकदा तिथे जाऊन या.