होडी डोंगर चढते तेव्हा : उतरणीचा एक वेगळा पाठ



साध्या यंत्रांचा पाठ घेताना आपण ‘उतरण’ या मुद्द्यावर येतो. ट्रकला फळी लावून पिंप वर ढकलणारा माणूस फळ्यावर काढतो, व्याख्या लिहून देतो आणि कप्पीकडे वळतो. मुलं व्याख्या पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण उतरणीची खरी ताकद त्यांना कळते का? यंदा व्याख्येआधी मुलांना एक प्रश्न विचारून बघा. मधे मोठा डोंगर आहे. अलीकडे कालवा, पलीकडे कालवा. माल भरलेली होडी पलीकडे कशी न्याल?

हा प्रश्न अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याला खरोखरच पडला होता. १८२५ साली शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात ईरी कालवा सुरू झाला आणि पश्चिमेचा व्यापार तिकडे वळू लागला. फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांचं धाबं दणाणलं. त्यांनाही पिट्सबर्गपर्यंत जलमार्ग हवा होता, पण वाटेत ॲलेघेनी पर्वत आडवा!

कालव्यात होडी वर चढवायची तर ‘लॉक’ बांधावे लागतात, म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. आता मुलांना गणित घालूया. पूर्वेकडची चढण सुमारे १,४०० फूट, पश्चिमेकडची उतरंड सुमारे १,१७० फूट. एक लॉक १० फूट उचलतो असं धरलं, तर किती लॉक लागतील? अडीचशेच्या वर! आणि डोंगरमाथ्यावर एवढं पाणी आणायचं कुठून?

म्हणून तोडगा निघाला, ॲलेघेनी पोर्टेज रेलरोड. १८३१ मध्ये काम सुरू झालं आणि १८३४ मध्ये मार्ग खुला झाला. हॉलिडेज्बर्ग ते जॉन्सटाउन, अंतर ३६ मैल. डोंगराच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, अशा एकूण दहा उतरणी. मधल्या सपाट भागात गाड्या आधी घोडे ओढत, पुढे इंजिनं आली. उतरणीच्या माथ्यावर मात्र वाफेचं इंजिन एका जागी पक्कं बसवलेलं. ते जाड दोर फिरवायचं आणि दोराला बांधलेल्या गाड्या वर यायच्या. शक्य असेल तेव्हा एकीकडून गाड्या चढत असताना दुसरीकडून उतरत. उतरणाऱ्यांचं वजन चढणाऱ्यांना मदत करायचं. बघा, उतरण आणि कप्पी एकाच ठिकाणी!

सुरुवातीला होड्यांमधला माल उतरवून रेल्वेच्या डब्यांत भरत. पण १८३४ च्याच ऑक्टोबरमध्ये जेसी क्रिसमन नावाच्या माणसाची ‘हिट ऑर मिस’ ही होडी अख्खीच्या अख्खी गाडीवर ठेवून डोंगरापार नेली गेली. पुढे तुकड्यांत सुट्या होणाऱ्या होड्या आल्या. तुकडे गाड्यांवर चढवायचे, पलीकडे पुन्हा जोडायचे आणि पाण्यात सोडायचे.

हे सांगितलं की माझ्या वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, “सर, एवढा खटाटोप कशाला? सरळ रेल्वेच न्यायची ना!” इथेच थांबा. खरा पाठ इथे आहे.

त्या मुलाला १८३१ मध्ये नेऊन बसवा. स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ इंजिनाने इंग्लंडमधली शर्यत जिंकून दोनच वर्षं झालीत. इंजिनं अजून लहान, अशक्त. एवढ्या चढावर त्यांचा टिकाव लागणं अशक्य. मग थांबायचं, की हाताशी आहे त्यातून मार्ग काढायचा? त्या लोकांनी मार्ग काढला. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग हा आठवड्यांचा प्रवास काही दिवसांवर आला.

अडचणी होत्याच. दोर झिजत, तुटत. तुटला तर गाड्या घसरू नयेत म्हणून मागे सुरक्षागाडी जोडत. जॉन रोबलिंग नावाच्या अभियंत्याने वनस्पतीच्या धाग्यांच्या या दोराऐवजी लोखंडी तारांचा दोर सुचवला आणि १८४२ पासून तो इथे वापरात आला. पुढे न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध ब्रुकलिन पुलाचा आराखडा याच रोबलिंगने केला. तोही तारदोरांवरच तोललेला आहे.

१८५४ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीने घोड्याच्या नालेसारखं वळण घेत डोंगर चढणारा लोहमार्ग सुरू केला. दहा उतरणींचं काम संपलं. जेमतेम वीस वर्षं! पण गंमत बघा, ते वळण म्हणजेसुद्धा उतरणच, फक्त जास्त लांब. अंतर वाढवा, जोर कमी लागेल. कर्जतहून खंडाळ्याचा घाट चढणारी आपली गाडीही हेच करते, आणि तरीही तिला कर्जतला जादा इंजिनं लावावी लागतातच.

वर्गात करून बघा : एक फळी, वह्यांचा गठ्ठा, खेळण्यातली गाडी आणि ताणकाटा. आधी फळी दोन वह्यांवर ठेवून गाडी ओढा, मग सहा वह्यांवर. मुलांना आकडे लिहू द्या. व्याख्या त्यांनाच सांगू द्या.

आणि शेवटी हा प्रश्न द्या : “जी गोष्ट वीस वर्षांत बंद पडली, ती फसली असं म्हणायचं का?” उत्तर लगेच सांगू नका. घरी आई-बाबांशी बोलून यायला सांगा. पालकहो, तुमच्याकडे हा प्रश्न आला तर तुम्हीही घाई करू नका. आजच्या माहितीवर कालच्या माणसांना हसणं सोपं असतं. त्यांच्या जागी उभं राहून विचार करायला शिकणं, यालाच तर इतिहास शिकणं म्हणतात, नाही का?