मोबाइल अडला तर विचारावे कसे, सांगावे कसे?



दर्यापूर तालुक्याची शेती मुख्यत्वे खारपाणपट्ट्यातील काळ्या जमिनीची. पऱ्हाटी, तूर, मूग, सोयाबीन आणि पावसाच्या ओलीवर येणारा हरभरा ही येथील पिके. या पिकांच्या डवरणी, फवारणी, वेचणीच्या जोडीला अलीकडे आणखी एक काम प्रत्येक घरी आले आहे, ते म्हणजे मोबाइलवरील नोंदींचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावयाची झाली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यावयाचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर आधी नोंदणी करावी लागली. पीएम किसानची ई-केवायसी, महाडीबीटीवरील अर्ज आणि शेतकरी ओळख क्रमांक हेही त्याच वाटेचे.

या प्रत्येक कामाला मुदत असते. बोंडे चांगली भरली, बोंडअळीही आटोक्यात राहिली, पण ॲप अडले आणि तारीख निघून गेली, तर पिकात कोणताही दोष नसताना नुकसान होते. म्हणून अडचण आल्यावर मदत कशी मागावी आणि आपल्याला येत असेल तर दुसऱ्याला ती कशी द्यावी, याचा विचार बियाणे निवडीइतकाच काळजीने करावयास हवा.

लक्षण सांगावे, निदान नव्हे

आपण शास्त्रज्ञाकडे गेलो आणि “पऱ्हाटी वाळून राह्यली” एवढेच सांगितले, तर ते लगेच औषध सांगत नाहीत. वाण कोणते, पेरणी केव्हाची, झाडे एकेकटी वाळतात की पट्ट्याने, पाणी साचले होते काय, मागील फवारणी कशाची, असे विचारतात. शक्य असेल तर झाड मुळासकट आणावयास सांगतात. मोबाइलचेही तसेच आहे. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर “भाऊ, ॲप चालूनच नाही राह्यलं” असा निरोप टाकला, तर वाचणारा काहीही करू शकत नाही. दहा जण दहा उपाय सांगतात आणि त्यातला एकही आपला नसतो.

सायमन टॅथम या ब्रिटिश प्रोग्रामरने १९९९ मध्ये याच विषयावर एक लेख लिहिला. आपण काय केले, काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे नेमके सांगावे, असा त्याचा आग्रह होता. संगणकाच्या व्यवसायातील लोकांसाठी तो लेख असला तरी आपल्याही उपयोगाचा आहे. याप्रमाणे वरचाच निरोप पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“ई-पीक पाहणीत गट क्रमांक निवडला, पीक तूर व क्षेत्र भरले, शेतात उभे राहून फोटो काढला. ‘अपलोड’ दाबले की चाक फिरत राहते व थांबते. आज सकाळपासून तीन वेळा केले. शेतात टॉवरची एकच काडी दिसते. गावात येऊन अजून करून पाहिले नाही.”

हा निरोप लिहिता लिहिताच उपाय बहुधा लिहिणाऱ्याच्या लक्षात येतो. फोटो शेतातच काढावा लागतो, पण काढलेली माहिती टॉवर मिळेल तेथे येऊन पाठविता येते. नीट विचारलेल्या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा उत्तर असते, असा संगणकाची कामे करणाऱ्या मंडळींचा जुना अनुभव आहे.

पडद्यावर जी सूचना येते ती इंग्रजीत असली तरी अक्षर न अक्षर कळवावी. “काहीतरी इंग्रजीत आलं होतं” याचा उपयोग नाही. त्यासाठी पडद्याचा फोटो घ्यावा. बहुतेक फोनमध्ये बंद-चालू करण्याचे बटन आणि आवाज कमी करण्याचे बटन एकाच वेळी दाबले की तो निघतो. न जमल्यास घरातील दुसऱ्या फोनने फोटो काढावा. मात्र गटावर टाकण्यापूर्वी आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक आणि ओटीपी त्यात दिसत नाही ना, हे पाहून घ्यावे. दिसत असल्यास ती जागा कापून किंवा झाकून टाकावी.

विचारण्यापूर्वी पाच मिनिटे

काही अडचणी इतक्या नेहमीच्या आहेत की विचारण्याआधीच तपासून घ्याव्यात. फोन एकदा बंद करून सुरू करावा. फोनची तारीख व वेळ बरोबर आहे का पाहावे. ती चुकलेली असली तर कित्येक सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष नेटला दिला जातो. ठिकाण दाखविणारे ‘लोकेशन’ सुरू आहे का, फोनमधील जागा भरली आहे का, ॲप जुने झाले आहे का, हेही पाहावे. सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी भरलेल्या फोनमध्ये नवे ॲप बसत नाही, ही तक्रार तर घरोघरी आहे.

ओटीपी आला नाही म्हणून लागोपाठ चार वेळा बटन दाबू नये. नवा ओटीपी मागितला की जुना बहुधा निकामी होतो. मग उशिरा आलेला पहिला आकडा भरला जातो आणि तो चुकीचा ठरतो. एकदा मागून थोडे थांबावे. तरीही न आल्यास आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे ते आठवावे. बंद पडलेल्या जुन्या सिमकार्डाला आधार जोडलेले असेल तर येथे कोणताच फोन उपयोगी पडणार नाही. आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घ्यावा.

दुखणे कोणाचे, जावे कोणाकडे

सगळेच दुखणे फोनचे नसते. सातबाऱ्यावरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही, वारसाची नोंद राहिली आहे, गट क्रमांकच यादीत दिसत नाही, अशा वेळी फोन कितीही बदलले तरी फरक पडत नाही. हे काम ग्राम महसूल अधिकाऱ्याचे, म्हणजे ज्यांना आपण तलाठी म्हणत आलो त्यांचे आहे. आधारविषयी १९४७ आणि पीएम किसानविषयी १५५२६१ हे क्रमांक आहेत. किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ पासून सुरू आहे. त्याच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतून बोलता येते. पण ते पीक व योजनांच्या सल्ल्यासाठी आहे, अडलेले ॲप ते दुरुस्त करून देत नाहीत.

ई-पीक पाहणीत शेतकऱ्याची मुदत संपल्यावर गावच्या सहायकामार्फत नोंदीचा टप्पा असतो. त्यावर विसंबून राहणे मात्र शहाणपणाचे नाही. एका सहायकाकडे पुष्कळ गट असतात.

सांगणाऱ्यासाठी चार शब्द

गावातील शिकलेली मुले-मुली ही आता आपली खरी मदत केंद्रे आहेत. त्यांना एक विनंती. काकांचा फोन हातात घेऊन भराभर बोटे चालवून “झालं, घ्या” म्हणू नका. फोन काकांच्याच हातात राहू द्या. एक पायरी सांगा, ती होऊ द्या, पडद्यावर काय दिसते ते त्यांनाच वाचू द्या. वेळ तिप्पट लागेल. पण पुढच्या हंगामात ते स्वतः नोंद करतील आणि कदाचित शेजाऱ्यालाही दाखवतील. एकदा सांगून समजले नाही तर हसू नये. डवऱ्याचे जू बांधायला आपल्याला कोणी किती वेळा शिकविले, हे तेव्हा आठवावे.

येत नसेल तर “मला माहीत नाही” असे सांगावे. अंदाजाने सांगितलेले औषध पिकाला जसे भोवते, तसाच अंदाजाने सांगितलेला उपायही भोवतो. “ॲप काढून परत टाका” हा सल्ला तर फार सैल हाताने दिला जातो. न पाठविलेली नोंद फोनमध्येच असेल तर ॲप काढताच ती जाऊ शकते, म्हणून आधी ‘अपलोड’ झाले का ते विचारावे.

अडचण सुटली की कशाने सुटली हे त्याच गटावर तारखेसह लिहावे. तारखेचे महत्त्व मोठे आहे. गेल्या वर्षीची ‘अंतिम मुदत’ यंदा पुन्हा फिरते आणि कोणी उगाच धावपळ करतो, तर कोणी निर्धास्त राहून मुकतो.

मदतीच्या नावाने येणारा चोर

खरा मदत करणारा ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागत नाही. समोरच्याने पिन टाकताना आपण मान वळवावी, म्हणजे संशयालाही जागा राहत नाही. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल आली तर ती उघडू नये. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून किंवा सरकारी संकेतस्थळावरून घ्यावे. अनोळखी माणसाने “मी येथूनच दुरुस्त करतो” म्हणून फोनचा पडदा दुरून पाहण्याचे ॲप टाकावयास सांगितले किंवा व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवा म्हटले, तर फोन ठेवून द्यावा. आपला पडदा त्याला दिसला की येणारा प्रत्येक ओटीपी त्यालाही दिसतो.

तरीही पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यात थांबविता येणे हे किती लवकर कळविले यावर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असले तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. त्यामुळे कळविल्याची तारीख, वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर लिहून बँकेच्या पासबुकातच ठेवावा.