ऐकण्याचे शिक्षण

१९५३ साली लंडनमधील एका चर्चमध्ये चॅड वाराह या धर्मोपदेशकांनी आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा आरंभिली. भेटीसाठी थांबलेल्यांना चहा देणाऱ्या स्वयंसेवकांपाशीच अनेकांचे मन हलके होते, असे त्यांना आढळले. म्हणून १९५४ मध्ये ते कार्य त्यांनी स्वयंसेवकांकडे सोपविले. प्रशिक्षणाचे सूत्र येथेच आहे. स्वयंसेवकाने उपदेश करू नये, दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करू नये, मौनाने गडबडू नये. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट कोंडलेल्या मनाला वाट मिळते. गुप्तता पाळावी, मात्र जिवाला तातडीचा धोका दिसल्यास पर्यवेक्षकास त्वरित कळवावे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांनी ध्यानी ठेवावा.