तीन महिन्यांची साखर



शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळाली की नांदेड, देगलूर, उदगीरकडची मंडळी घरच्या आजाऱ्यांना घेऊन हैदराबादेस येतात. इमलीबनच्या बसस्थानकावर उतरायचे आणि कोठी गाठायची, ही वहिवाट जुनी आहे. कोठीतील उस्मानिया मेडिकल कॉलेजची परंपराच मुळी १८४६ सालापासूनची.

अशाच एका बाईंचा रिपोर्ट गेल्या वर्षी आमच्या हाती आला. वय पस्तिशीचे, शेतात राबणारे किडकिडीत शरीर. 'तीन महिन्यांची साखर' ६.२ लिहिलेली होती. उपाशीपोटीची साखर मात्र ९२, म्हणजे निर्दोष. घरच्यांनी ६.२ तेवढे पाहिले, मधुमेह लागला असे ठरवले आणि बाईंचा गूळ तर तोडलाच, पण दोन भाकरींची एक केली. बाई आणखी खंगली. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि हिमोग्लोबिन तपासावयास सांगितले. ते ७.८ निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा केली तेव्हा आकडा ५.५ आला. बाईंना मधुमेह नव्हताच.

मग ६.२ आला कोठून? यंत्र बिघडले होते असे नव्हे. ही तपासणी नेमके काय मोजते, हे समजून घेतले पाहिजे.

भाकरी तव्यावर तांबूस होते ती पिठातील साखर व प्रथिन यांच्या संयोगाने. माय्यार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. आपल्या रक्तातही हेच घडते, फक्त विस्तवावाचून आणि अगदी सावकाश. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन हे एक प्रथिन आहे. रक्तातील साखर त्याला येऊन चिकटते. प्रथम ती सैल चिकटते, ओल्या चिखलासारखी, धुतली की सुटते. पुढे ती घट्ट बसते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून शेकडा किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले, की मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब मिळतो. डॉक्टर हिला एचबीएवनसी म्हणतात. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड वर्ज्य करून हा आकडा खाली आणता येत नाही (तसा प्रयत्न करणारे आम्ही पाहिले आहेत!), आणि उपाशीपोटी जाण्याचीही गरज नाही.

मधुमेहींच्या रक्तात हे हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे तेहरानच्या सॅम्युअल राहबर यांनी १९६८ साली दाखवले. मोजण्याची रीत मात्र बरीच वर्षे कच्ची होती. जुन्या पद्धती सैल चिकटलेली साखरही हिशोबात धरीत, त्यामुळे नुकतेच जेवून आलेल्याचा आकडा फुगत असे. शिवाय एकच रक्त दोन प्रयोगशाळांत दिले तर दोन उत्तरे येत. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजाराच्या शेराशी जुळत नसे, तसाच हा प्रकार. अमेरिकेत व कॅनडात १,४४१ मधुमेहींवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे व नसा वाचतात, असे त्यातून दिसले. मग सर्वत्र एकच माप हवे झाले. १९९६ साली अमेरिकेत प्रयोगशाळांची मापे त्या अभ्यासाच्या मापाशी जुळवण्याचे काम सुरू झाले. एवढी सुधारणा झाल्यावरच, २०११ साली, जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ वा त्याहून अधिक आकडा मधुमेहाच्या निदानास चालेल असे मान्य केले. त्यातही अट घातली, की तपासणी प्रमाणित असावी आणि अचूकपणा बिघडवणारी दुसरी व्याधी रोग्यास नसावी.

ही अट आपल्याकडे फार मोलाची आहे. लोह कमी पडले की नवीन पेशी कमी तयार होतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचा भरणा वाढतो, आणि म्हातारी पेशी म्हणजे अधिक दिवस साखरेत मुरलेली पेशी. आकडा वर जातो तो बहुधा यामुळे. पुण्यात तरुण मंडळींची पाहणी होऊन २०१२ साली प्रसिद्ध झाली. ग्लुकोज पाजून तपासले तेव्हा जितके लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर सापडले, त्याच्या सुमारे तिप्पट या तपासणीने ठरवले. त्याचे एक कारण अशक्त रक्त हेच होते.

याच्या उलटही होते आणि ते अधिक घातक. सिकलसेलच्या रोग्याची तांबडी पेशी लवकर मरते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही, म्हणून मधुमेह असूनही आकडा चांगला दिसतो आणि उपचार लांबतात. गडचिरोली, नंदुरबार, आदिलाबाद या भागांतील कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. हिवतापात पेशी फुटतात, तेव्हाही आकडा खाली येऊ शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तर त्यात परक्याच्या पेशींचा हिशोब मिसळतो.

सिकलसेलचा अंश केवळ एकाच पालकाकडून आला असेल, तर पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगते. तेथे अडचण यंत्राची असते, कारण काही पद्धती निराळ्या हिमोग्लोबिनपुढे गोंधळतात. बोरोनेट नावाचे द्रव्य वापरणारी एक पद्धत चिकटलेली साखरच पकडते, हिमोग्लोबिनच्या जातीशी तिला फारसे कर्तव्य नसते. परंतु पेशीच अल्पायुषी असेल तर कोणतेही यंत्र कामाचे नाही. अशा वेळी रक्तातील अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेली साखर मोजतात, तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांची स्थिती कळते.

तेव्हा तपासणीस जाल तर त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्या. घरात सिकलसेल असेल, नुकताच हिवताप येऊन गेला असेल, गेल्या तीन महिन्यांत रक्त दिले-घेतले असेल किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. दोन्ही तपासण्या जुळत नसतील तर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या चालू गोळ्या मात्र हा लेख वाचून कोणी बंद करू नयेत. आणि जुना रिपोर्ट फेकू नका. कोणत्या पद्धतीने मोजले हे पुष्कळदा त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले असते.