नांगर कोठे टाकावा?

नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. मुंबईहून निघून मुंबईला परत येईपर्यंत ते केवळ चार बंदरांत थांबले. किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करणाऱ्या लहान नौकेचे तसे नसते. तिला रोज संध्याकाळी कोठेतरी थांबावे लागते. भर समुद्रात नौका आपटेल असे काही नसते. खडक, वाळूचे दांडे आणि उथळ पाणी असते ते जमिनीजवळच. म्हणून या प्रवासात नौका चालवण्याइतकेच ती थांबवण्याचे ज्ञान महत्त्वाचे ठरते.

कोकण किनाऱ्यावर हा प्रवास ऋतूंनी बांधलेला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावर त्या पुन्हा पाण्यात उतरतात. मात्र शिडाच्या लहान नौकेने फिरण्याचे खरे दिवस हिवाळ्याचे. या दिवसांत वाऱ्याला जणू वेळापत्रक असते. दुपारी तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून खारा वारा वाहतो. तो बहुधा वायव्येचा असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. जुने तांडेल मतलईवर शीड उभारून पहाटे खाडीबाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर पुढचे बंदर गाठत. दक्षिणेकडे जाणाऱ्याला ही व्यवस्था फार सोयीची; उत्तरेकडे जाणाऱ्याला मात्र नागमोडी वाटेने वाऱ्याशी झगडावे लागते.

वाऱ्याची ही अदलाबदल नांगर टाकतानाही लक्षात ठेवावी लागते. नांगरलेली नौका एका जागी स्थिर राहत नाही. ती दोराच्या टोकाला बांधलेल्या जनावरासारखी नांगराभोवती फिरते. संध्याकाळी नांगराच्या आग्नेयेला असलेली नौका पहाटे पश्चिमेला गेलेली आढळते. त्या संपूर्ण वर्तुळात एकही खडक असता कामा नये. मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती, पाण्याखाली लपलेले खडक पुष्कळ आहेत. तेथे वाटेची माहिती नसलेल्याने अंधारात शिरू नये.

तळही पाहावा लागतो. चिखलात नांगर चांगला रुततो. सपाट खडकावर तो घसरतो. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावा, म्हणजे नौकेची ओढ आडवी पडते आणि नांगर उपटला जात नाही. ही खोली भरतीच्या वेळची धरावी. ओहोटीला ३ मीटर पाणी असेल आणि भरतीला त्यात आणखी २ मीटरची भर पडणार असेल, तर दोर १५ नव्हे, २५ मीटर हवा. उलट, भरतीच्या वेळी भरपूर पाणी पाहून उथळ जागी नांगर टाकणाऱ्याची नौका ओहोटीला चिखलात कलंडते.

भरतीची वेळ काढण्याची मुंबई-कोकणच्या कोळ्यांची रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सुमारे सहाला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. हा अंदाज स्थूल आहे, पण कागद-पेन्सिलीवाचून येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची मोठी भरती येते. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढते, तिला भांगाची भरती म्हणतात. आज उपग्रहाच्या साहाय्याने नौकेचे स्थान कळते; तरीही नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरील एखादे झाड आणि त्यामागचे देऊळ एका रेषेत पाहून ठेवणे शहाणपणाचे. वारा तोच असताना ती रेष मोडू लागली, तर नांगर घसरतो आहे असे समजावे.

वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेले विजयदुर्गचे बंदर या सर्व कसोट्यांना उतरते. किल्ल्याचे भूशिर समुद्राच्या लाटा अडवते, मुखाशी वाळूचा दांडा नाही आणि आत पाणी खोल आहे. आंग्र्यांचे आरमार याच आडोशाला राहत असे. परंतु फेब्रुवारी १७५६ मध्ये हाच आडोसा सापळा ठरला. तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. वॉटसनच्या जहाजांनी खाडीत शिरून मारा केला. आंग्र्यांची गलबते एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एकाला लागलेली आग दुसऱ्यावर गेली आणि बघता बघता सारे आरमार जळाले. वाऱ्यापासून जपणाऱ्या त्या जागेतून बाहेर पडायला वाट एकच होती, आणि तिच्यात शत्रू उभा होता. त्यानंतर पाचच वर्षांनी पानिपतची लढाई झाली. पानिपतविषयी मराठीत अमाप लिहिले गेले. विजयदुर्गच्या या आगीविषयी त्या मानाने फारच थोडे.

पाठगत प्रश्न
१. दशमीला पूर्ण भरती सुमारे किती वाजता येईल?
२. ओहोटीला ४ मीटर पाणी आहे आणि भरतीला ते २ मीटरने वाढते. नांगराचा दोर निदान किती सोडाल?
३. संध्याकाळी सुरक्षित वाटलेली जागा पहाटे धोक्याची का ठरू शकते?