रानालगतची वस्ती : परिसर अभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी)

उद्देश : वनाशेजारी राहण्याचे लाभ व त्यासोबत येणारी जबाबदारी यांची विद्यार्थ्यांस जाणीव करून देणे.

प्रस्तावना : खांडबारा हे नवापूर तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसले आहे. १९९८ साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. त्यात हा तालुका समाविष्ट झाला. या भागातील वन पानझडी असून साग, मोह, पळस, टेंभुर्णी हे वृक्ष मुलांच्या नित्य परिचयाचे आहेत. ज्यांच्या अंगणावर झाडांची सावली आहे व परसामागून रान सुरू होते, अशा मुलांस या पाठाची सामग्री घरीच मिळते.

रानापासून काय काय मिळते, हे शिक्षकांनी प्रथम मुलांकडून वदवून घ्यावे : सावली, सरपण, मोहाची फुले, डिंक, औषधी मुळ्या. नंतर विचारावे, “रानातून आपल्या दारी कोण येते, आणि कशासाठी?” पाठाचे मर्म या प्रश्नातच आहे. प्राणी बहुधा भक्ष्याच्या शोधात येतो. आणि ते भक्ष्य पुष्कळदा आपणच जमविलेले असते. ही गोष्ट पुढील तीन साखळ्यांनी स्पष्ट करावी.

१. उकिरडा, कुत्रा, बिबट्या : उघड्यावर टाकलेल्या उष्ट्याखरकट्यावर मोकाट कुत्री पोसली जातात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मुंबईत सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून मोठमोठ्या वसाहती आहेत. तेथील बिबट्यांच्या आहारातही कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे आढळले आहे. यास्तव कचरा पुरावा, शेळ्या-कोंबड्या रात्री बंदिस्त ठेवाव्यात. तिन्हीसांजेनंतर मुलांनी एकटे बाहेर पडू नये. बिबट्या दिसल्यास त्याभोवती गर्दी न करता वनखात्यास कळवावे.

२. धान्य, उंदीर, साप : सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप सर्वांनी ओळखावेत. मण्यार रात्री हिंडते. तिच्या दंशाने वेदना वा सूज फारशी होत नाही. त्यामुळे जमिनीवर निजलेल्या मुलास दंश झाल्याचे कळतही नाही. यास्तव खाटेवर व मच्छरदाणी खोचून निजावे, रात्री दिव्यावाचून चालू नये, सरपण घराच्या भिंतीपासून दूर रचावे. दंश झाल्यास जखम कापणे, विष चोखणे वा दोरी आवळून बांधणे, यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रोग्यास तत्काळ शासकीय रुग्णालयात न्यावे. वरील चारही सापांच्या विषावर चालणारी लस असते. मंत्रतंत्रात दवडलेली घटका प्राणावर बेतते, हे निःसंदिग्धपणे सांगावे.

३. पाला, ठिणगी, वणवा : उन्हाळ्यात सागाची पाने गळून जमिनीवर वाळल्या पाल्याचा थर साचतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे. त्या आगीतून वणवा पसरतो व उद्याची झाडे होऊ घातलेली रोपे करपतात. पाला झाडून काढावा, किंवा झाडाखाली जुने लुगडे वा जाळे पसरावे. फुले स्वच्छ मिळतात व रोपेही वाचतात.

कृती : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा व परसाचा नकाशा काढून त्यात उकिरडा, सरपण, धान्याची कणगी, गोठा व निजण्याची जागा दाखवावी. यांपैकी काय हलवावे, हे वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवावे. पंधरा दिवसांनी झालेला बदल वर्गात सांगावा.

प्रश्न : (१) बिबट्या वस्तीत का येतो? (२) मण्यारीचा दंश अधिक घातक का ठरतो? (३) पाला न जाळता मोहाची फुले कशी वेचता येतील?

सूचना : रानाविषयी मुलांच्या मनात भय उत्पन्न करणे हा पाठाचा हेतू नव्हे. वाडवडिलांकडून मिळालेली रानाची माहिती मुलांपाशी शिक्षकांहून अधिक असणे संभवते. तिचा वर्गात आदराने उपयोग करावा. एका घरातील जरी एक मूल खाटेवर निजू लागले, तरी पाठ सार्थकी लागला असे समजावे.