तोळाभर सोनं आणि देशाची तूट

बीडमधल्या बँकेत माझी बरीच नोकरी सोनेतारण कर्जाच्या खिडकीवर गेली. तिथं कळलेलं हे थोडं.

१. आपल्याकडे बचतीची तारीख पंचांग ठरवतं. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. गुंजभर का होईना, सोनं घ्यायचं. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोड कामगाराच्या हातात मुकादमाची उचल पडते. पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या घामावर घेतलेलं ते कर्ज. तरी त्यातूनही एखादा मणी होतोच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आधी कमाई, मग बचत. इथं क्रम उलटा.

२. सोनं घराला बचत, देशाला आयात. आपल्या खाणींतून नावापुरतं निघतं. बाकी डॉलर मोजून येतं. २०१२-१३ मध्ये देशाच्या चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली. आयातीत कच्च्या तेलाखालोखाल सोनंच होतं. अर्थमंत्री चिदंबरम सोनं घेऊ नका म्हणून विनवत होते. २०१३ च्या जानेवारीत ४ टक्क्यांचं आयात शुल्क ६ झालं, ऑगस्टपर्यंत १०. आणि त्याच दुष्काळी वर्षात आमच्या खिडकीवर पाटल्या, बोरमाळा घेऊन रांग लागलेली. कुणाचा चारा त्यातून आला, कुणाचं टँकरचं पाणी. दिल्लीला ज्याचा भार वाटत होता, त्यावर इथली दावण टिकली.

३. सोन्याच्या या ओढीला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी आधी सातबारे चाळावेत. बाईचं नाव क्वचितच सापडेल. गळ्यातलं मात्र तिचं, स्त्रीधन. व्याज नको म्हणून मुदत ठेव टाळणारी मुसलमान कुटुंबंही सोनं जपून ठेवतात.

४. ‘बँकेत ठेवा’ म्हणणं सोपं. चार टक्के जास्त मिळतील म्हणून पतसंस्थेत पैसे अडकवून बसलेली माणसं मी पाहिलीत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. हे कुठल्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं. अशांना सुवर्णरोखे समजावले, तर विचारायचे, “साहेब, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली, तर ह्या कागदावर कोण पैसे देईल?” सराफ देतो, हे मलाही ठाऊक होतं.

५. आयातीचा दोष सोन्याला, खाद्यतेलाकडे कुणी बघत नाही. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. सप्ताहाच्या पंगतीतल्या पुऱ्या त्यातच तळायच्या, आणि गावाभोवती सगळं सोयाबीन.

६. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं. भाव थोडे दिवस उतरला, मग पुन्हा चढला. शुल्कानं जे झालं नाही ते भावानं केलं: तोळा मागणारा आता ग्रॅम मागतो. दसऱ्याला येतो मात्र नक्की.